हॅव वेंट, हॅव गॉन आणि फाशीचं हँग्ड

– एका कथेचं इंग्रजी भाषांतर करतेय. वाक्य असंय, 'भिंतीवर तसबीर टांगलेली होती, तसबिरीतल्या माणसाला केव्हाच फाशी दिलेली होती.' मी दोन्हीकडे हंग लिहिलं तर मैत्रीण म्हणते फाशीला हँग्ड. शाळेत हँग-हंग-हंग एवढंच घोकलेलं. खरं काय?

– मैत्रीण बरोबर आहे. तसबीर हंग, माणूस हँग्ड. जुन्या इंग्रजीत ही वेगवेगळी क्रियापदं होती, पुढे मिसळून गेली, कायद्याच्या भाषेत हँग्ड तेवढं टिकलं.

– पण फाशीलाही हंग म्हणणारे इंग्रजी भाषक आहेतच की. लोक बोलतात ती भाषा. हेल्पचं पूर्वी होल्पन व्हायचं, आज कोण म्हणतं? उलट स्नीकचं सरळ स्नीक्ड होतं त्याचं अमेरिकेत स्नक झालं आणि रुळलं.

– मग उद्या 'आय हॅव वेंट' पण चालवून घ्यायचं का? भाषांतर छापायचंय, तिथे नियम पाळायलाच हवेत.

– हॅव वेंट आपल्या तोंडून का येतं ते बघा ना. 'तो गेला', 'तो गेला आहे', दोन्हीकडे गेलाच. पत्र लिहिलं, पत्र लिहिलंय, तेच रूप. त्यामुळे दुसरं रूप हाताशी आलं की तिसरं शोधायचं सुचतच नाही, मी कित्येक वर्षं हॅव रोट, हॅव ड्रँक लिहायचो, शेवटी हॅव-हॅड दिसलं की पेन थांबवायची सवय लावली. आणि वेंट मुळात गोचं नाहीच, वेंड या क्रियापदाचं आहे. आपलं गेला तरी जाचं कुठे? जा आलं संस्कृतमधल्या 'या' (जाणे) ह्या धातूवरून, गेला गम् च्या गतवरून.

– हो, तसंच केला कृतवरून, मेला मृतवरून! माझा भाचा 'मी करलं' म्हणतो, सगळे हसतात, पण त्याने नियम बरोबर पकडलाय, बस-बसलं तसं कर-करलं.

– आमची आजी 'मागितलं' न म्हणता 'मागलं' म्हणायची.

– मागलं म्हणजे मागचं. मागलं दार. मागितलं हेच शुद्ध.

– शुद्ध कुणी ठरवलं? जाग-जागलं चालतं, मग माग-मागलं का नाही?

– अहो, माझं वाक्य राहिलं. हंग आणि हँग्ड इतके जवळजवळ आले तर वाचणाऱ्याला खटकेल का?

– ते नंतर बघू, आधी मला सांगा, 'सांगितलं'मधलं हे 'इतलं' आलं कुठून?