मदत हवी आहे: सोसायटीतल्या अफरातफरीची तक्रार नक्की कुठे करायची?

बाणेरचा_वैताग
आमचा सेक्रेटरी पैसे खातोय. पुरावे आहेत. रविवारी एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) आहे, त्याआधी एफआयआर व्हायला हवी. चौकीत गेलो तर "हे सहकार खात्याचं, तिकडे जा" म्हणून वाटेला लावलं. तिकडे म्हणजे कुठे? कोणाला अनुभव असेल तर लवकर सांगा. "आधी समजुतीने घ्या" वगैरे नको, ते करून झालंय.

निवृत्त_बँकर
पुरावे म्हणजे काय? किती रक्कम? ऑडिट रिपोर्टमध्ये काही शेरा आहे का? चेकवर सह्या कोणाच्या?

कलमबहाद्दर
त्याआधी सांगा, सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात लोक दोन्हीला सोसायटीच म्हणतात. शेअर सर्टिफिकेट असेल तर 1960 चा सहकारी संस्था अधिनियम. डीड ऑफ डिक्लरेशन असेल तर 1970 चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा, मग सगळंच वेगळं.

गच्चीवरचा_मोगरा
मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का तुमचं? नसेल तर आधी ते करून घ्या. जमीन बिल्डरच्या नावावर राहिली तर पुढे रिडेव्हलपमेंटला रडाल.

बाणेरचा_वैताग
सोसायटीच आहे, 84 फ्लॅट. पुरावा म्हणजे टँकरची बिलं. भर ऑगस्टमध्ये रोज चार टँकर दाखवलेत. पाऊस धो धो चालू असताना! शिवाय सिंकिंग फंडाची (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीची) 18 लाखांची एफडी आहे म्हणतात, पण लिफ्टसाठी मोडा म्हटलं तर "लॉक-इन आहे". कन्व्हेयन्सचा इथे काय संबंध?

पाषाणकर_काकू
ऑगस्टमध्ये आमच्याकडेही टँकर येतात हो. पाऊस पडला म्हणजे नळाला पाणी येतं असं कोणी सांगितलं? हा पुरावा नाही. वॉचमनच्या वहीत गाडीचा नंबर आणि वेळ लिहिलेली असते, ती बिलाशी ताडून बघा. आमच्याकडे एकच टँकर एका दिवसात दोनदा, दहा मिनिटांच्या अंतराने "रिकामा" झालेला सापडला होता. दहा हजार लिटर दहा मिनिटांत उतरवून परत भरून आणणार?

निवृत्त_बँकर
टँकर सोडा, एफडीकडे बघा. साध्या एफडीला असलं लॉक-इन नसतं. मुदतीआधी मोडली तर थोडं व्याज कापतात, एवढंच. बँक मोडायला नकार देते तेव्हा बहुतेक वेळा त्यावर लीन असतं, म्हणजे ती तारण ठेवून कोणीतरी ओव्हरड्राफ्ट उचललेला असतो. ताळेबंदात एफडी दिमाखात दिसते आणि कर्ज दिसत नाही. मूळ पावती बघायला मागा आणि 31 मार्चच्या शिलकेचं बँकेचं पत्र मागा. सेक्रेटरीने दिलेली झेरॉक्स चालणार नाही, पत्र बँकेकडून थेट यायला हवं. बाकी सगळी भानगड त्या एका कागदात दिसेल.

माजी_सेक्रेटरी_कोथरूड
सहा वर्षं फुकट काम केलंय, म्हणून बोलतो. एजीएमला बारा लोक येतात, त्यातले चार समोशासाठी. ड्रेनेज तुंबलं की रात्री अकराला माझाच फोन वाजायचा. आणि मग एक दिवस कोणीतरी येतो आणि म्हणतो पैसे खाल्ले. आधी त्या माणसाची बाजू ऐका. व्हॉट्सॲप ग्रुपवर "चोर" लिहिलंय का? लिहिलं असेल तर डिलीट करा, बदनामीची नोटीस येईल.

पाषाणकर_काकू
फुकट काम केलं म्हणून हिशेब मागायचा नाही?

माजी_सेक्रेटरी_कोथरूड
मागा ना. लेखी मागा. जिन्यात उभं राहून ओरडू नका, एवढंच म्हणणं आहे.

कलमबहाद्दर
आता मुद्द्याचं. सभासद म्हणून हिशेबाची कागदपत्रं बघायचा हक्क आदर्श उपविधींतच (सोसायटीच्या नियमावलीतच) आहे. लेखी अर्ज द्या. ते टाळाटाळ करतील, मग तोच अर्ज जोडून सहकार खात्याच्या तुमच्या भागाच्या उपनिबंधकाकडे जा. एक पंचमांश सभासदांनी अर्ज केला तर सहकार कायद्याच्या कलम 83 खाली चौकशी मागता येते, तुमच्या 84 मध्ये 17 सह्या. नुकसान सिद्ध झालं की कलम 88 खाली वसुली, तीही व्याजासकट. ऑडिटच संशयास्पद असेल तर चाचणी लेखापरीक्षण मागा. ऑडिट वेळेवर होतं का? आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत व्हायला हवं.

थेट_बोला
उपनिबंधक, चौकशी, कलम 88... नातवंडांना निकाल मिळेल. सरळ आर्थिक गुन्हे शाखेत जा.

कलमबहाद्दर
18 लाखांच्या "असावं"वर? ऑडिट रिपोर्ट नसताना तिथला माणूसही पहिला प्रश्न तोच विचारणार. गुन्हा नोंदवणं ऑडिटरचं काम आहे, सहकार कायद्याचं कलम 81(5ब) वाचा.

थेट_बोला
तुम्हीच वाचा. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने पिंपरीच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की त्या कलमामुळे इतर कोणाला फिर्याद द्यायला बंदी होत नाही. फिर्याद भागधारकानेच दिली होती.

कलमबहाद्दर
बंदी नाही हे मान्य. पण हातात बँकेचा कागद असलेली फिर्याद वेगळी आणि टँकर मोजून केलेली वेगळी. आणि पैसे 1 जुलै 2024 च्या आधी गेले असतील तर जुनी भारतीय दंड संहिता लागणार, नंतर गेले असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम 316 (विश्वासघात). म्हणजे तारखा हव्यातच.

बाणेरचा_वैताग
दोन वर्षं ऑडिट झालेलं नाही. सह्या सेक्रेटरी आणि चेअरमनच्या. मी अर्ज आधीच दिला होता, उत्तर आलं की "आपण सभासद नाही". फ्लॅट बाबांच्या नावावर आहे. मेंटेनन्स मीच भरतो, मग काय फरक पडतो?

निवृत्त_बँकर
दोन वर्षं ऑडिट नाही हे आत्ता सांगताय? तक्रारीची पहिली ओळ हीच!

कलमबहाद्दर
फरक पडतो. मेंटेनन्स भाडेकरूही भरतो. अर्जावर वडिलांची सही हवी.

बाणेरचा_वैताग
तीच तर गोची आहे. बाबा आणि सेक्रेटरी रोज सकाळी टेकडीवर बरोबर जातात. ते म्हणतात "सज्जन माणूस आहे, हिशेबात कच्चा असेल." सही करणार नाहीत.

माजी_सेक्रेटरी_कोथरूड
असूही शकतं. हिशेबात कच्चा माणूस पावत्या हरवतो. एफडीची पावती दाखवायला मात्र कच्चेपणा आड येत नाही.

पाषाणकर_काकू
बाबांना सोडा त्यांच्या मित्रापाशी. दुसऱ्या विंगमधले दोन-तीन सभासद धरा ज्यांना लिफ्ट लागते, वरच्या मजल्यावरचे ज्येष्ठ नागरिक. ते सही करतील आणि एजीएमला वेळेवरही येतील.

गच्चीवरचा_मोगरा
म्हणून म्हणतो, कन्व्हेयन्स झालं की लोकांमध्ये एकी येते.

थेट_बोला
तुम्ही वेगळा धागा काढा हो.

बाणेरचा_वैताग
काकू, सी विंगच्या अकराव्या मजल्यावरचे तिघे तयार आहेत. अर्ज शनिवारी देतोय: एफडीची मूळ पावती, बँकेचं शिलकेचं पत्र, दोन वर्षांची बँक स्टेटमेंट आणि गेटवरची टँकरची वही. पण चेअरमनचीही सही चेकवर आहे, मग अर्ज कोणाच्या नावाने द्यायचा?

कलमबहाद्दर
संस्थेच्या नावाने, "मा. सचिव" लिहून. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच दिली नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा. आणि वहीचे फोटो आजच काढून ठेवा, अर्ज गेला की पहिली ती गायब होते.