लेस्बोसच्या किनाऱ्यावर पालथा पडलेला कलाकार

वाळूकण:
२०१५ च्या सप्टेंबरात तुर्कस्तानात बोद्रुमजवळ किनाऱ्याला लागलेलं ते सीरियन पोर आठवतंय? लाल टी-शर्ट, पालथं पडलेलं. चार-पाच महिन्यांनी आय वेवे हा नामवंत चिनी कलाकार ग्रीसच्या लेस्बोस बेटावर तस्साच पालथा पडला आणि आपल्या 'इंडिया टुडे'साठी फोटो काढून घेतला. दिल्लीच्या कलामेळ्यात तो लागलाही. मला तेव्हाही शिसारी आली, आजही येते. पोर गेलं ते गेलं. हा उठला असेल, खडे झटकले असतील, जेवायला गेला असेल. मरणाचं सोंग आणतात का?

तिरकस_रेघ:
असहमत. स्पेनमधल्या गेर्निका गावावर १९३७ च्या एप्रिलात बाँब पडले तेव्हा पिकासो पॅरिसात होता, बातम्या पेपरात वाचल्या. तरी मेलेलं मूल हातांवर घेऊन टाहो फोडणारी ती आई त्याच्याच चित्रात आहे ना? आणि वेवे फोटोपुरता गेला नव्हता. लेस्बोसवर स्टुडिओ थाटला, निर्वासितांची १४,००० लाइफ जॅकेटं नेऊन बर्लिनच्या संगीतगृहाच्या खांबांना बांधली.

वाळूकण:
पिकासोने त्या आईच्या जागी स्वतःला नाही काढलं. माझं म्हणणं तेवढंच.

पाटीपेन्सिल:
मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून मला फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही ज्यू चित्रकार आठवते. नाझींच्या टेरेझिन छावणीत ती मुलांकडून चित्रं काढून घ्यायची आणि वर नाव घालायला लावायची. १९४४ मध्ये तिला ऑशवित्झला नेलं. त्याआधी दोन सुटकेसा भरून चित्रं लपवलेली. साडेचार हजारांच्या आसपास आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती परतली नाही, त्यातली बहुतेक मुलंही नाहीत.

तिरकस_रेघ:
बाई थोरच, पण तो वर्ग झाला. प्रश्न मोठ्यांनी केलेल्या कलेचा आहे.

पाटीपेन्सिल:
मग बंगाली चित्रकार चित्तप्रसाद घ्या. १९४३ चा बंगालचा दुष्काळ महायुद्धातलाच. मिदनापूर जिल्ह्यात हिंडून भुकेली माणसं, हाडं निघालेली पोरं रेखाटली, खाली नावगाव लिहिलं. पुस्तिका निघाली तर इंग्रजांनी जप्त करून जाळली. पुढे हा माणूस आपल्या अंधेरीत राहिला, किती जणांना ठाऊक आहे?

वाळूकण:
चित्तप्रसाद मान्य. नाव विचारायचं तर समोर बसावं लागतं.

तिरकस_रेघ:
जॅकेटांवर नावं नव्हती. म्हणजे तीही बाद?

वाळूकण:
नाही, ती राहू देत. तिथे तो स्वतः लटकला नव्हता.