पॅटागोनियाच्या इव्हॉन शुनार्डने कंपनी खरंच पर्यावरणासाठी दिली का? जाणकारांनी सांगा

रानवारा_पुणे:
नमस्कार मंडळी. आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर पॅटागोनिया ह्या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकावरून, म्हणजे शुनार्डवरून, दोन दिवस वाद चाललाय. एकजण म्हणतो २०२२ मध्ये त्याने अख्खी कंपनी पृथ्वीसाठी देऊन टाकली, असा उद्योजक शोधून सापडणार नाही. दुसरा म्हणतो सगळी टॅक्स वाचवायची आयडिया आहे, अब्जाधीश लोक असं काही फुकट देत नसतात. मला त्यांच्या जॅकेटपलीकडे काही माहीत नाही, पण हा माणूस मुळात क्लाइंबर होता आणि लोहारकाम करायचा असं ऐकलंय. मी स्वतः सह्याद्रीत क्लाइंबिंग करतो त्यामुळे त्या बाजूचं जास्त कुतूहल आहे. कोणी नीट सांगेल का?

कातळकडा:
रानवारा, २०२२ पासून सुरुवात केली तर हा माणूस कळणारच नाही, पन्नास वर्षं मागे जायला लागतं. १९३८ चा जन्म, घरात फ्रेंच बोलायचे, लहानपणी कॅलिफोर्नियात आला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. ससाणे पाळायच्या नादात कड्यावरच्या घरट्यांपर्यंत दोरीने उतरायला शिकला आणि तिथून क्लाइंबिंग. त्या वेळी युरोपातून येणारे पिटॉन (दोरी अडकवायला कातळाच्या भेगेत ठोकायच्या खुंट्या) मऊ लोखंडाचे असायचे, एकदा ठोकला की तिथेच सोडायचा. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या मोठ्या कातळभिंतींवर असे शेकडो कुठून आणणार? मग १९५७ मध्ये पठ्ठ्याने भंगारातून जुनी कोळशाची भट्टी आणली, ऐरण घेतली आणि स्वतःच लोहारकाम शिकला. क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलचे कडक पिटॉन, ठोका, काढा, परत वापरा. दीड डॉलरला एक, गाडीच्या डिकीतून विकायचा. मधे लष्करात भरती करून कोरियाला पाठवलं तर तिथेही कडे चढत होता. परत आल्यावर टॉम फ्रॉस्ट ह्या क्लाइंबरबरोबर धंदा वाढवला आणि १९७० पर्यंत अमेरिकेत क्लाइंबिंगचं लोखंडी सामान सगळ्यात जास्त ह्यांचंच खपत होतं.

आता खरी गोष्ट. कडक पिटॉन परत काढता येतो म्हणून लोक त्याच भेगेत ठोकणार, काढणार, पुन्हा ठोकणार, त्याने ग्रॅनाइटच्या भेगांचे कोपरे फुटायला लागले. योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्यावरच्या नोज रूटची अवस्था बघून ह्या दोघांनी ठरवलं की पिटॉनचा धंदा हळूहळू बंद करायचा. तेव्हा धंद्याचा जवळजवळ ७० टक्के भाग पिटॉनचा होता!! नुसतं बंद नाही केलं, पर्याय बनवला, भेगेत हाताने अडकवायचे आणि हातानेच काढायचे ॲल्युमिनियमचे स्टॉपर आणि हेक्स. कल्पना ब्रिटिश क्लाइंबरांची, ते साध्या नटमधून दोरी ओवून वापरायचे, ह्यांनी आकार सुधारला. १९७२ च्या कॅटलॉगमध्ये किमतीची यादी कमी आणि कातळ खराब न करता कसं चढायचं हे सांगणारा मोठा लेख, काही महिन्यांत पिटॉनची विक्री पडली आणि ह्या स्टॉपर-हेक्सची (ह्यांनाच नट म्हणतात) मागणी पुरवता येईना. १९७३ मध्ये ब्रूस कार्सनबरोबर तो नोज रूट हातोडा न घेता चढूनही दाखवला. माझ्या मते ह्या माणसाची पारख इथे होते, २०२२ मध्ये नाही, कारण पिटॉन बंद केले तेव्हा त्याच्याकडे घालवायला दुसरं काहीच नव्हतं.

हिशोबवही:
टॅक्सचं मी सांगतो. मतदानाचा हक्क असलेले २ टक्के शेअर एका ट्रस्टला गेले, तो कुटुंबाच्याच देखरेखीखाली आहे, आणि उरलेले ९८ टक्के होल्डफास्ट कलेक्टिव्ह नावाच्या ना-नफा संस्थेला. कंपनीची किंमत तेव्हा अंदाजे ३ अब्ज डॉलर धरली होती आणि वर्षाचा साधारण १० कोटी डॉलर नफा तिकडे जाणार. ट्रस्टच्या शेअरवर कुटुंबाने जवळपास पावणेदोन कोटी डॉलर टॅक्स भरला. होल्डफास्ट अशा प्रकारची संस्था आहे की देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळत नाही, पण ती राजकीय कामावर खर्च करू शकते. म्हणजे "टॅक्स वाचवायला दिली" हे अर्धवट आहे. अर्धवट म्हणतो कारण कंपनी विकली असती तर विक्रीच्या नफ्यावरचा मोठा कॅपिटल गेन टॅक्स बसला असता तो टळला, आणि कंट्रोल घरातच राहिला, हे पण खरं. तुमच्या ग्रुपमधल्या दोघांनाही हे वाचून दाखवा. आणि एक, फ्लीसचे (लोकरीसारख्या कृत्रिम कापडाचे) कपडे धुताना प्लास्टिकचे बारीक धागे पाण्यात जातात, तो प्रश्न ह्या कंपनीलाही सुटलेला नाही.

पांढरं_सोनं_यवतमाळ:
कापसाबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. १९८८ मध्ये ह्यांच्या बॉस्टनच्या दुकानात कामगारांची डोकी दुखायला लागली, शोधलं तर सुती कपड्यांवरचं फॉर्मल्डिहाइड नावाचं रसायन हवेत साचत होतं. तिथून हे लोक मागे मागे जात पार शेतापर्यंत पोचले, कापसावर काय काय फवारतात ते पाहिलं, कंपनीतल्या लोकांना बसने कॅलिफोर्नियातल्या सॅन वॉकीन खोऱ्यातली शेतं दाखवायला नेलं. १९९४ मध्ये ठरवलं आणि १९९६ पासून सगळा कापूस सेंद्रिय. तेवढा सेंद्रिय कापूस बाजारात तयारच नव्हता, शेतकऱ्यांना थेट गाठायला लागलं. २०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, मजूर गेले, ती माणसं आमच्या आजूबाजूची होती. त्यामुळे कपडे विकणारा माणूस फवारणी बघायला शेतात जातो ही गोष्ट मला त्या ३ अब्जांपेक्षा मोठी वाटते.

रानवारा_पुणे:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. कातळकडा दादा, पिटॉन बंद केल्यावर ती लोखंडी सामानाची कंपनी पुढे टिकली का? आणि आपल्या बेसॉल्टमध्ये नट कितपत चालतात?

कातळकडा:
टिकली पण त्याच्या हातात नाही. अपघातांवरून कोर्टकेसेस वाढल्या, १९८९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करायला लागला आणि कामगारांनीच ती विकत घेऊन ब्लॅक डायमंड सुरू केली. दोनच वर्षांनी त्याची कपड्यांची कंपनी पॅटागोनिया पण गोत्यात, मंदी आली, बँकेने कर्जाची मर्यादा कमी केली आणि जुलै १९९१ मध्ये एका दिवसात १२० लोकांना, म्हणजे पाचातल्या एकाला, काढावं लागलं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. नंतर वरच्या मॅनेजरना घेऊन अर्जेंटिनाच्या डोंगरात गेला, कंपनी नेमकी कशासाठी चालवतोय हे ठरवायला, आणि वेड्यासारखी वाढ नको हे तिथे पक्कं झालं. ह्या सगळ्यात पर्यावरणाचे पैसे थांबवले नाहीत, विक्रीचा १ टक्का. २००२ मध्ये तेच इतर कंपन्यांनी करावं म्हणून वेगळी संस्था काढली.

बेसॉल्टचं म्हणाल तर भेग समांतर आणि खडक ठणठणीत असेल तर हेक्स छान बसतो. पण आपल्याकडे भेगा बऱ्याचदा उथळ, कडा ठिसूळ, मधे मुरमाड थर, तिथे जोरात झटका देऊन तपासल्याशिवाय वजन टाकू नका. लिंगाणा, तैलबैलाला कातळात कायमचे बसवलेले बोल्ट आहेत तिथे नवे मारायची गरज नाही, जुना बोल्ट हलतोय का गंजलाय हे मात्र आधी बघा. नेहमी कुठे चढता ते सांगा, म्हणजे कुठले साइज घ्यायचे ते सांगतो.