रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय काय?

फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखण्याचा आजार) असलेलं कोणी आहे का इथे? कुकरचं झाकण लावताना मनगटात कळ जाते, पण ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), थायरॉइड सगळं नॉर्मल. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी नव्हती असली थेरं." काल डॉक्टरही माझ्याऐवजी नवऱ्याला म्हणाले, "यांना कशात तरी गुंतवा." अहो, पहाटे पाचला उठून तीन डबे भरते मी!

उत्तर १: ताई, रक्तात हे दिसतच नाही. १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ जागा दाबून बघायचे, ११ दुखल्या तर निदान. २०१० च्या निकषांतून ते दाबणं गेलं. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांधे-स्नायूंच्या दुखण्याचे डॉक्टर, गाठा.

उत्तर २: मनाचे खेळ. रोज चाला.

प्रश्नकर्ती: दादा, चालूनच आले. जिन्यात बसून टाइप करतेय, अजून एक मजला चढायचाय.