सासऱ्यांना अपक्ष आमदारकी लढवायची आहे, वय ७४. सल्ला हवा

कृष्णाकाठची_सून:
नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, हसू नका. (हसलात तरी चालेल, आम्हीही हसून घेतलंय.)

माझे सासरे, अण्णा, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, बाकी खुटखुटीत. गेल्या महिन्यात जेवताना जाहीर केलं की पुढची विधानसभा लढवणार, आणि तीही अपक्ष. कालव्याचं पाणी तालुक्याच्या शेवटच्या टोकाला पोचत नाही, हा मुद्दा. त्याच्या आकड्यांनी दोन वह्या भरल्यात. त्यांचं दैवत म्हणजे ई. श्रीधरन. "कोकण रेल्वे बांधणारा माणूस ८८ व्या वर्षी उभा राहतो, मी तर पोरगाच." नवरा दोन दिवस बोललाच नाही. सासूबाई म्हणाल्या, खुशाल उभे राहा, माझ्या एफडीला हात लावायचा नाही.

खर्च किती, धावपळ किती, आधीपासून काय तयारी करावी? "वेड लागलंय का" हे सोडून काहीही सांगा. ते आम्ही सांगून झालंय.

झुणका_भाकर:
डिपॉझिट १० हजार. एफडी सुरक्षित आहे. :)

निवृत्त_नायब:
ताई, निवडणूक शाखेत बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. कायद्यात वयाची वरची मर्यादा नाही, २५ पूर्ण हवीत एवढंच. अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात. नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका, नसेल तिथे "लागू नाही" लिहा. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याआधी उघडा. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, तेवढा करायलाच हवा असं नाही. पण चहाच्या कपापासून हिशेब ठेवा आणि निकालानंतर ३० दिवसांत सादर करा. हरलेले उमेदवार इथेच आळस करतात, आणि आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

आता मुख्य गोष्ट. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. २०२४ ला माघार ४ नोव्हेंबरला संपली, १८ ला संध्याकाळी प्रचार थांबला, २० ला मतदान. म्हणजे मिळालेलं चिन्ह दोन आठवड्यांत वाडीवस्तीवर पोचवायचं. तरुण कार्यकर्त्यांचेही पाय त्यात सुजतात. वय आडवं येतं ते इथे.

घाटावरचा:
सत्तरी ओलांडलेल्यांनी नातवंडं सांभाळावीत. तरुणांनी मग कधी पुढे यायचं?

सुलभाकाकू:
घाटावरचे, माझं वय ७१. दोन नातवंडं सांभाळून हे टंकते आहे. तरुणांना अर्ज भरायला कुणी अडवलंय ते सांगा, मी जाऊन बोलते त्याच्याशी.

निळा_डबा:
मी नोकरीनिमित्त २०२१ ला कोइमतूरला होतो, श्रीधरन यांचा मतदारसंघ पालक्काड तिथून जवळच. अण्णांना अर्धीच गोष्ट माहीत आहे. श्रीधरन अपक्ष नव्हते, भाजपचे उमेदवार होते. नाव देशभर, दिल्ली मेट्रोची पुण्याई पाठीशी, पक्षाची यंत्रणा हाताशी, आणि तरी काँग्रेसच्या शफी परंबिल यांच्याकडून ३,८५९ मतांनी हरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सक्रिय राजकारण सोडत असल्याचं सांगून टाकलं.

कृष्णाकाठची_सून:
हे वाचून दाखवलं. म्हणाले, "फक्त ३,८५९?"

मोरावळा:
मोरारजींचं नाव अजून कसं आलं नाही? ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते १९५२ सालीच मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले होते. नेहरूंनंतर १९६४ ला संधी हुकली, १९६६ ला इंदिरा गांधींशी मतदान होऊन हरले, आणीबाणीत तुरुंगात गेले, तेव्हा कुठे १९७७ उजाडलं. हा माणूस म्हातारपणी रांगेत आला नव्हता, रांगेतच म्हातारा झाला होता.

आपल्याकडे सांगोल्याचे गणपतराव देशमुख घ्या. २०१४ ला अकराव्यांदा निवडून आले तेव्हा पंच्याऐंशी उलटलेली. पण पहिली निवडणूक जिंकली होती १९६२ ला! मधल्या काळात हरलेही. एसटीने फिरणारा आमदार, गावोगावी माणसं नावानिशी ओळखीची. मी त्यांचं वय मोजणार नाही, ती बावन्न वर्षं मोजेन. अण्णांना एवढंच विचारा: टोकाच्या गावांतली किती माणसं त्यांना साहेब म्हणून नाही, अण्णा म्हणून ओळखतात?

झुणका_भाकर:
आणि ओळख असूनही लोक कंटाळतात बरं का. मलेशियाचे महाथीर ९२ व्या वर्षी पुन्हा पंतप्रधान झाले, जगभर कौतुक. ९७ व्या वर्षी परत उभे राहिले, डिपॉझिट गेलं.

पाचवी_गल्ली:
कुणी विधान परिषद का सुचवत नाही? अभियंता माणूस, पदवीधर मतदारसंघ त्यांच्यासाठीच आहे. मतदार शिकलेला, वह्यांतले आकडे वाचेल तरी.

निवृत्त_नायब:
कागदावर छान दिसतं. साताऱ्याकडचे असाल तर पुणे पदवीधर येतो: पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर. पाच जिल्हे, विधानसभेचे ५८ मतदारसंघ त्यात बसतात. शिवाय ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही, प्रत्येकाने नमुना १८ पुन्हा भरायचा. खरी निवडणूक त्या नोंदणीतच होते. ज्याच्याकडे फॉर्म भरून घेणारी पोरं, तो पुढे.

माझं ऐकाल तर विधानसभेला अजून वेळ आहे, तोवर कालव्यावरच्या पाणीवापर संस्थेत (पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांची संस्था) जाऊन बसा म्हणावं. तिथे निवडून येऊन एका आवर्तनाला (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीला) तरी टोकापर्यंत पाणी नेऊन दाखवलं, तर दहा सूचक शोधावे लागणार नाहीत.

सुलभाकाकू:
जोरदार अनुमोदन. आणि साखर तपासून घ्या. प्रचारात प्रत्येक घरी चहा घ्यावा लागतो, नाही म्हटलं की मत गेलं.

कृष्णाकाठची_सून:
सगळ्यांचे आभार. काल रात्री अण्णांनी सगळे प्रतिसाद स्वतः वाचले, चष्मा दोनदा पुसून. पाणीवापर संस्थेचं नाव काढल्यावर गप्प झाले. नोकरीत असताना तिथल्या लोकांशी वाजलं होतं, हे सासूबाईंकडून कळलं. त्यांना साहेब म्हणूनच ओळखतात, आणि चांगल्या अर्थाने नाही.

मग वहीत मागच्या निकालाचा आकडा घेऊन बसले. डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. आमच्याकडे ती चाळीस हजारांच्या घरात जातात. बराच वेळ आकड्याकडे बघत होते.

आज सकाळी सातला मोटारसायकल काढून टोकाच्या गावाला गेले आहेत. विचारलं तर म्हणाले, "प्रचाराला नाही. भांडण मिटवायला." डबा आणि गोळ्या दिल्या आहेत. निवृत्त_नायब काका, तुमचा व्यनि (व्यक्तिगत निरोप) चालू आहे का? त्यांना तुमच्याशी बोलायचंय.