खांबावर चढणारा मंत्री : काम की नौटंकी?

लष्करवाला : मध्य प्रदेशातले मंत्री प्रद्युम्न सिंह तोमर यांच्यावरून ग्वाल्हेरात दोनच पार्ट्या आहेत, एक म्हणते असा जमिनीवरचा माणूस होणे नाही आणि दुसरी म्हणते सगळी नौटंकी. मी दुसरीतला, आधीच सांगून ठेवतो. जून 2021 मध्ये ऊर्जामंत्री असताना शिडी लावून वर चढले आणि ट्रान्सफॉर्मरवरचा झाडोरा काढला, कधी नाल्यात उतरले, कधी टॉयलेट घासलं, 2022 च्या ऑक्टोबरात रस्ते होईपर्यंत चप्पल घालणार नाही म्हणाले आणि डिसेंबरात ज्योतिरादित्य शिंद्यांनी स्वतः चप्पल आणून घातली. फोटो झकास! पण अहो, अख्खं खातं तुमचं, लाइनमन तुमचा, इंजिनिअर तुमचा, मग शिडीवर तुम्ही का? दर पावसाळ्याआधी मेंटेनन्सच्या नावाखाली तासन्‌तास लाइट घालवतात, तरी त्या वेली तिथे राहिल्या कशा, हे विचारायचं काम मंत्र्याचं.

हजीरावाली : ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बसून बोलणं सोपं आहे हो काका. आमच्या हजीऱ्याकडे 1992 मध्ये जेसी मिल ही कापडगिरणी बंद पडली, तेव्हापासून आश्वासनं ऐकतोय, नेता दिसायचा तो पाच वर्षांतून एकदा हात जोडून. हा माणूस गल्लीत दिसतो तरी. आणि मंत्री नाल्यात उतरला की दुसऱ्या दिवशी सफाईची गाडी बरोबर येते, अधिकाऱ्यांना लाज वाटते म्हणून का होईना.

लष्करवाला : म्हणजे मंत्री जिथे उतरेल तिथेच गाडी. बाकीच्या गल्ल्यांनी काय, नवस बोलायचा?

रिटायर_लाइनवाला : मी या लाइनीत नोकरी केलीय म्हणून बोलतो. खांबाला हात लावायच्या आधी लाइन बंद करून परमिट म्हणजे कामाची परवानगी घ्यावी लागते, अर्थिंग म्हणजे तार जमिनीला जोडावी लागते, काम झाल्यावर परमिट परत केल्याशिवाय सप्लाय चालू करत नाहीत. त्यात चूक झाली की माणूस जातो, पाहिलंय. आता शिडीवर खुद्द मंत्री म्हटल्यावर खालचा ज्युनियर इंजिनिअर "साहेब, तुम्ही चढू नका" म्हणेल का? त्यापेक्षा प्रत्येक लाइनमनला धड हातमोजे आणि बेल्ट मिळतोय का ते बघा ना. त्याचा फोटो निघत नाही हे खरं.

चहा_बिनसाखरेचा : तुम्ही सगळे चप्पल नि शिडीत अडकलात. तोमर 2008 मध्ये काँग्रेसकडून निवडून आले, 2013 मध्ये भाजपच्या जयभानसिंह पवैयांकडून हरले, 2018 मध्ये त्यांनाच हरवून कमलनाथ सरकारात मंत्री झाले. मग मार्च 2020, शिंद्यांबरोबर काँग्रेसच्या 22 आमदारांचे राजीनामे, सरकार कोसळलं, आणि जुलैत हे भाजपच्या सरकारात पुन्हा मंत्री, तेही आमदार नसताना! घटनेत सहा महिन्यांची सवलत आहे, आणि राजीनामाच दिला की पक्षांतरबंदी कायदा हात चोळत बसतो. लोकांनी पंजाला दिलेलं मत कमळाच्या खात्यात गेलं, त्याचं काय?

हजीरावाली : मग लोकांनाच विचारलं की नोव्हेंबर 2020 च्या पोटनिवडणुकीत, सुमारे 33 हजारांनी आले. त्याच वेळी शेजारच्या ग्वाल्हेर पूर्व मतदारसंघात मुन्नालाल गोयल पडले, डबऱ्यात इमरती देवी पडल्या, दोघंही शिंद्यांबरोबरच गेलेले. म्हणजे मतदार डोळे मिटून बटण दाबत नव्हता. आमच्या इथे माणूस बघून मत पडलं.

चहा_बिनसाखरेचा : ताई, पूर्वमध्ये जिंकले कोण? सतीश सिकरवार, 2018 मध्ये भाजपचे उमेदवार होते आणि 2020 मध्ये काँग्रेसचे. 😄 दलबदलूला पाडलं ते दुसऱ्या दलबदलूने, मतदारापुढे पर्याय तरी कुठे होता.

लष्करवाला : आणि त्या 33 हजारांचं पुढे काय झालं तेही सांगा. 2023 मध्ये समोर 2020 चेच काँग्रेसचे सुनील शर्मा, राज्यात भाजपला 163 जागा, सगळीकडे बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेचा गाजावाजा, आणि यांची आघाडी 19 हजारांवर आली. खांब, नाला, अनवाणी पाय, सगळं मधल्या तीन वर्षांतलंच ना?

हजीरावाली : 19 हजार कमी वाटतात तुम्हाला? तुमच्या ग्वाल्हेर दक्षिणमध्ये 2018 ला 121 मतांवर निकाल लागला होता काका. आणि तुमच्याकडचे आमदार शेवटचे गल्लीत कधी आले होते ते सांगा आधी, मग आमच्या अनवाणी मंत्र्यावर बोलू.

लष्करवाला : आले होते, लग्नाला. जेवून गेले.