मदत हवी आहे : ओन कावारा यांची पोस्टकार्डे आणि प्रदर्शनांचे कॅटलॉग

सर्वांना नमस्कार. ओन कावारा या जपानी संकल्पनावादी (कलाकृतीपेक्षा तिच्यामागच्या कल्पनेला महत्त्व देणाऱ्या) चित्रकाराने १९६८ ते १९७९ या काळात मित्रांना आणि परिचितांना रोज दोन चित्रकार्डे पाठवली. कार्डाच्या पत्रबाजूवर तारीख, स्वतःचे नाव, त्या वेळचा मुक्कामाचा पत्ता, कार्ड घेणाऱ्याचे नाव-पत्ता आणि आपण किती वाजता उठलो एवढेच रबरी शिक्क्यांनी उमटवलेले असे. ख्यालीखुशालीचा एक शब्दही न लिहिता इतकी वर्षे पत्रव्यवहार टिकवणारा हा माणूस मला त्यांच्या प्रसिद्ध तारीख-चित्रांपेक्षाही (एकरंगी पार्श्वभूमीवर केवळ त्या दिवसाची तारीख रंगवलेली चित्रे) अधिक विलक्षण वाटतो.

या कार्डांवर मराठीत एक दीर्घ लेख लिहीत आहे. त्यासाठी १९८० च्या स्टॉकहोममधील प्रदर्शनाचा आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरलेल्या प्रदर्शनाचा कॅटलॉग पाहायचा आहे. मुंबई, पुणे किंवा बडोद्यातील कोणत्या ग्रंथालयात ते बसून वाचता येतील, हे कुणाला ठाऊक आहे का? ज्यांच्या संग्रही यांपैकी एखादा असेल, त्यांनी कार्डांच्या दोन्ही बाजू छापल्या आहेत की केवळ शिक्क्यांची, एवढे कळवले तरी मोठी मदत होईल, कारण कार्डांच्या पुढच्या बाजूची पर्यटकांसाठी छापलेली ठरावीक दृश्ये आणि मागचा कोरडा मजकूर यांच्यातील विसंगतीवरच माझ्या लेखाचा भर आहे. विक्रीची माहिती तूर्त नको. नव्या प्रती माझ्या आवाक्याबाहेरच्या आहेत.